रताळं, पण कोणतं?

आषाढीच्या आदल्या दिवशी बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात आणि गिऱ्हाईक एकच विचारतं, "कशी दिली?" आंबा घेताना हापूस की पायरी हे आपण विचारतो. तांदूळ घेताना आंबेमोहोर की कोलम, वांगी घेताना भरताची की भरायची, हेही विचारतो. रताळ्याला मात्र नाव नाही. लाल आणि पांढरी एवढीच ओळख, तीही सालीवरून. मग कुणाचा कीस गिच्च गोळा होतो, कुणाच्या चकत्या पाकात विरघळतात आणि बोल स्वयंपाक करणाऱ्याला लागतो. बहुतेक वेळा चूक हाताची नसते, वाणाची असते. सालीचा रंग शिजवताना काहीच सांगत नाही, सांगतो तो आतला गर.

पण आधी नावाचा गुंता. तो सुटल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही.

'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचा आहे. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. कोलंबसाच्या सफरींनंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी वस्तूबरोबर शब्दही उचलला. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. तो युरोपात रताळ्याच्या मागून आला आणि दोन्ही जमिनीखालचीच, म्हणून नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगीज भाषेत आजही रताळ्याला 'बटाटा दोस', म्हणजे गोड बटाटा, म्हणतात. मराठीने पोर्तुगीजांकडून तो शब्द घेतला, पण तो चिकटला दुसऱ्यालाच. जुन्या प्रवासवर्णनांत हे ध्यानात ठेवावं लागतं. जहांगीराच्या दरबारातले इंग्रज वकील सर टॉमस रो यांच्याबरोबरचा पाद्री एडवर्ड टेरी १७व्या शतकाच्या सुरुवातीला मोगल सरदार आसफखानाच्या मेजवानीतल्या 'पोटॅटो'चा उल्लेख करतो. ती बटाट्याची भारतातली पहिली नोंद म्हणून सांगितली जाते, पण त्या काळच्या इंग्रजीत तो शब्द रताळ्यालाही सर्रास वापरत. ती रताळी असण्याचाच संभव जास्त.

मग 'रताळं' हा शब्द कुठला? तो संस्कृत 'रक्तालु'वरून आला, म्हणजे तांबडा कंद. अमेरिकेतलं रताळं इथे पोहोचण्याच्या आधीपासून हा शब्द होता आणि तो जांभळट-तांबड्या कोनफळाच्या जातीच्या कंदांना वापरला जाई. मराठीत नव्या पाहुण्याने ते नाव घेतलं आणि जुना मालक कोनफळ झाला. गुजरातीत तसं झालं नाही. तिथे 'रताळू' म्हणजे आजही जांभळं कोनफळ, आणि आपलं रताळं ते 'शक्करिया'. उंधियूची कृती मराठीत उतरवताना इथेच घोळ होतो, कारण उंधियूत दोन्ही पडतात. कृतीत 'रताळू' वाचून रताळीच दुप्पट घातली की भाजी गोडमिट्ट होते आणि कोनफळाचा तो दाट, पिठूळ चावा हरवतो.

झाड म्हणून पाहिलं तर बटाटा आणि रताळं नात्यातलेही नाहीत. बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला आणि तो खोड आहे. म्हणून त्याला सगळीकडे डोळे असतात आणि डोळ्यासकट फोड लावली की रोप येतं. रताळं म्हणजे अन्न साठवून फुगलेलं मूळ. त्याला डोळे नसतात, कोंब येतात ते बहुतेक वेलाकडच्या टोकाला. त्याचं कूळ गारवेलीचं. नाळीची पालेभाजी आणि ओढ्याकाठचं बेशरम हे त्याचे सख्खे भाऊबंद. रताळ्याच्या वेलाला फूल आलं तर कर्ण्यासारख्या फिकट जांभळ्या आकारावरून नातं लगेच पटतं. कापल्यावर हाताला चिकटणारा पांढरा चीकही कुळाचाच. हातांना आधी तेल चोळलं तर तो राहत नाही, नुसत्या साबणाने पटकन निघत नाही.

मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिका. पेरूतल्या गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीचे वाळलेले अवशेष सापडले आहेत. या पिकाच्या पोटात एक मोठी गंमत दडली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरातले लागवडीखालचे २९१ नमुने तपासले गेले आणि सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे जनुकतुकडे सापडले. प्रयोगशाळेत जनुकं घालायला शास्त्रज्ञ हाच जिवाणू वापरतात. इथे ते काम माणसाच्या मदतीशिवाय, हजारो वर्षांपूर्वी निसर्गातच झालेलं होतं.

प्रवासाची कथा त्याहून मोठी. पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर रताळं कोलंबसाच्या काही शतकं आधीच पोहोचलं होतं. कुक बेटांपैकी मंगाया बेटावर तसे जळके अवशेष मिळाले आहेत. न्यूझीलंडचे माओरी त्याला 'कुमारा' म्हणतात आणि पेरू-इक्वेडोरकडच्या जुन्या बोलींतलं नाव त्याच्या फार जवळचं आहे. चीनमध्ये १५९३ साली चेन झेनलाँग या व्यापाऱ्याने फिलिपाइन्समधल्या लुझॉनहून वेल फुजियान प्रांतात आणले. लगेच पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि पीक पसरलं. तिथून १६०५ साली ते रिउक्यू बेटांवर, म्हणजे आजच्या ओकिनावात गेलं, मग जपानच्या दक्षिणेकडच्या सात्सुमात. जपानी लोक आजही त्याला 'सात्सुमा-इमो' म्हणतात. १७३२च्या मोठ्या दुष्काळात सात्सुमाकडचे लोक या कंदावर तगले हे पाहून शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, योशिमुने याने १७३५ साली आओकी कोन्यो या विद्वानाकडून एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, त्याची लागवड करवून घेतली. वादळात भात आडवा होतो. रताळ्याचं पीक जमिनीखाली असतं, वर पसरलेला वेल फाटला तरी पुन्हा फुटतो. दुष्काळ आणि वादळ या दोन्हींत टिकणारी पिकं फार नाहीत.

भारतात ते पोर्तुगीजांबरोबर आलं आणि मराठी घरात थेट उपासाच्या ताटात बसलं. धान्य चालत नाही, कंदमुळं चालतात, असा तो नियम. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कसावा, उपासाचं निम्मं ताट अमेरिकेतून आलं आहे. ज्या पिढीने या नव्या वस्तू उपासाला चालवून घेतल्या तिच्या व्यवहारी शहाणपणाचं मला फार कौतुक वाटतं. पण त्याचाच एक तोटा झाला. रताळं वर्षातून चार-पाच दिवसांचं झालं. त्या दिवसांत काहीही खपतं, म्हणून वाण कोणता याची विचारपूस कुणी करत नाही, आणि शेतकऱ्यालाही चांगला वाण वेगळा ठेवण्याचा मोबदला मिळत नाही.

आता वाण. केरळात तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम इथे केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था आहे. ती १९६३ साली सुरू झाली. 'श्री' आणि 'भू' ही अक्षरं पुढे लावलेले बहुतेक भारतीय वाण तिथले. श्री नंदिनी पांढऱ्या गराचं आणि पाण्याचा ताण सोसणारं. श्री अरुण गुलाबी सालीचं, मलईसारख्या गराचं, शंभरेक दिवसांत निघणारं. श्री भद्राचा उपयोग वेगळाच आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे जमिनीतल्या सूक्ष्म कृमींना, ते स्वतःकडे ओढतं, पण त्यांची वाढ आत पूर्ण होऊ देत नाही. म्हणून सूत्रकृमी झालेल्या रानात ते सापळा म्हणून लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कोकण अश्विनी लाल सालीचं, पांढऱ्या गराचं आणि लवकर तयार होणारं. दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा सफेद आणि पुसा सुनहरी ही जुनी नावं. महाराष्ट्राच्या सीमेलगत बेळगाव-खानापूर पट्ट्यात रताळ्याचं पीक मोठं असतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते भू सोना आणि भू कृष्णा या दोघांबद्दल. भू सोनाचा गर गाजरासारखा नारिंगी असतो. १०० ग्रॅम गरात १३ ते १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. पांढऱ्या गरात ते जवळजवळ नसतंच. आफ्रिकेत, विशेषतः मोझांबिक आणि युगांडात, नारिंगी रताळी मुलांच्या जेवणात आणण्याचं काम इतकं मोठं झालं की मारिया अँड्रेड, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना २०१६चं जागतिक अन्न पारितोषिक त्यासाठी मिळालं. लहान मुलाची दिवसाची अ जीवनसत्त्वाची गरज नारिंगी रताळ्याच्या शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये भागते. बरोबर थोडं तूप हवं, कारण बीटा कॅरोटिन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. आपल्याकडे रताळ्याला तूप लागतंच, ती सोय आधीच झालेली आहे. भू कृष्णाचा गर गडद जांभळा. तो रंग जांभळात आणि काळ्या द्राक्षात असतो त्याच जातीचा. कोनफळाच्या जांभळ्याशी याची गल्लत करू नये. कोनफळ कापलं की बुळबुळीत लागतं, जांभळं रताळं लागत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये आणखी एक गोंधळ असतो. तिथे 'याम' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा याम, म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद, नसतंच. १९३०च्या दशकात लुइझियाना राज्यातल्या उत्पादकांनी आपली ओलसर नारिंगी रताळी उत्तरेकडच्या कोरड्या, फिकट रताळ्यांपासून वेगळी कळावीत म्हणून ते नाव बाजारात रुळवलं. तिथला एक प्रसिद्ध नारिंगी वाण ब्यूरगार्ड, १९८७ साली लुइझियाना राज्य विद्यापीठाने दिलेला. तो मऊ, पाणीदार. त्याचा कीस करायला घेतला की हमखास शिरा होतो. कीस किंवा काप करायचे असतील तर जांभळ्या सालीचं, पांढऱ्या गराचं रताळं घ्यावं. ते 'जपानी' या नावाने मिळतं, मुरासाकी हा वाणही त्याच धाटणीचा. 'बोनियाटो' मिळालं तर तेही चालतं, ते कमी गोड आणि चांगलं पिठूळ असतं.

सगळा भेद गरातल्या पाण्याचा आणि पिठाचा आहे. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या गराच्या रताळ्यात पाणी सोडून उरणारा ऐवज साधारण तीस टक्क्यांच्या आसपास असतो, ब्यूरगार्डसारख्या नारिंगीत वीसच्या आसपास. पिठूळ गर आकार धरून राहतो. म्हणून कीस, काप, भजी, थालीपीठ याला पांढरा गर. पाणीदार गर सहज दळला जातो, म्हणून घाऱ्या, खीर, सूप, लहान मुलांचं मऊ खाणं याला नारिंगी. बाजारात ओळखायची खूण सोपी आहे. एक रताळं मोडून बघावं. कडकन मोडलं, कडेला चिकाचे पांढरे थेंब आले आणि गर कोरडा दिसला तर ते पिठूळ. सुरकुतलेलं, लवचीक झालेलं रताळं मात्र किसाला घेऊ नये. भाजायला ते उलट चांगलं, कारण साठवणीत पिठाची साखर होत गेलेली असते.

भाजण्याचं शास्त्र थोडं सविस्तर सांगायला हवं. कच्च्या रताळ्यात साखर असते, पण शिजलेल्या रताळ्याचा गोडवा बराचसा शिजतानाच तयार होतो. रताळ्यात पिष्टाची माल्टोज ही साखर करणारं बीटा ॲमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. त्याला काम करायला पीठ आधी फुलावं लागतं, ते साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे. आणि ८० अंशांच्या पुढे हे विकरच निकामी होत जातं. या मधल्या टप्प्यात रताळं जितका वेळ राहील तितकं गोड होतं. प्रेशर कुकरमध्ये तो टप्पा काही मिनिटांत निघून जातो, मायक्रोवेव्हमध्ये त्याहून लवकर. म्हणून त्याच ढिगातलं रताळं निखाऱ्यात मधासारखं आणि कुकरमध्ये सपक लागतं. जपानमध्ये गरम खड्यांवर तास-दीड तास भाजतात ते याचसाठी. घरी ओव्हन असेल तर दोन-अडीचशे ग्रॅमची अख्खी रताळी न सोलता थंड ओव्हनमध्ये ठेवून १६० अंशांवर सव्वा ते दीड तास भाजावीत. सालीतून चिकट पाक झिरपू लागला की झालं. कुकरच वापरायचा असेल तर रताळी पाण्यात बुडवू नयेत. जाळीवर ठेवून वाफवावीत, नाहीतर असलेली गोडीही पाण्यात जाते.

कीस अर्धा किलो रताळ्यांचा. सोलून जाड किसणीने थेट पाण्यात किसावीत, उघड्यावर ठेवली तर गर काळा पडतो. एकदाच खळबळून घट्ट पिळावं, म्हणजे वरचं सुटं पीठ जातं. ते राहिलं तर कढईत खळीसारखं होतं आणि सगळं एकमेकाला धरतं. दोन मोठे चमचे तुपात एक लहान चमचा जिरं आणि तीन-चार हिरव्या मिरच्या परताव्यात, मग कीस घालून दोन मिनिटं उघडाच हलवावा. नंतर चार-पाच मिनिटं झाकण. मध्ये एकदा झाकणाच्या आतलं पाणी पुसून घ्यावं, ते थेंब कढईत पडले की तिथे गोळा होतो. उलथणं खालून घालून कीस उचलावा, दाबून फिरवू नये. अर्धी वाटी दाण्याचं कूट आणि मीठ अगदी शेवटी. मीठ आधी घातलं तर कीस पाणी सोडतो.

गुळातल्या चकत्यांची चूक वेगळी. गूळ लवकर पडतो. गुळाच्या पाकात गेलेली चकती त्यापुढे फारशी मऊ होत नाही. म्हणून बोटाच्या जाडीच्या चकत्या तुपावर दोन्हीकडून तांबूस करून, झाकून पूर्ण शिजू द्याव्यात, सुरी आरपार गेली पाहिजे. मगच अर्धा किलोला शंभर-सव्वाशे ग्रॅम गूळ आणि दोन-तीन चमचे पाणी. नारिंगी रताळ्याच्या घाऱ्या करताना एक वाटी उकडलेल्या गराला अर्धी वाटी गूळ आणि मावेल तितकी कणीक घ्यावी, पाण्याचा थेंबही नको. पीठ लगेच लाटावं, ठेवलं की सैल पडत जातं.

परसात किंवा रानात लावायचं असेल तर रताळं पुरू नका, वेल लावा. दीडशे ग्रॅमच्या आसपासची, किडीची भोकं नसलेली रताळी वाफ्यात लावून वेल वाढवावेत. शेंड्याकडचे २० ते २५ सेंटिमीटरचे, चार पेरांचे तुकडे घ्यावेत आणि दोन दिवस सावलीत ओल्या पोत्यात ठेवावेत, म्हणजे मुळं सुटायला लागतात. सऱ्या दोन फुटांवर, वरंबा चांगला उंच आणि भुसभुशीत, दोन वेलांत २० सेंटिमीटर. या अंतराने एकराला तेहेतीस-चौतीस हजार तुकडे लागतात. घट्ट जमिनीत मूळ फुगत नाही, वाकडं आणि दोरीसारखं बारीक राहतं.

हमखास होणारी चूक नत्राची. वेल हिरवागार, गुडघाभर, आणि खाली काहीच नाही, असं झालं की समजावं खत जास्त झालं. हेक्टरी ५० किलो नत्र, २५ स्फुरद, ५० पालाश ही शिफारस आहे. नत्र निम्मं लागवडीला, निम्मं महिन्याने मातीची भर लावताना. पावसाळ्यात वेल जागोजागी मुळं धरतो आणि तिथे लहान-लहान रताळी लागतात. म्हणून वेल अधूनमधून हलके उचलून पुन्हा तिथेच ठेवावेत. उलटे करून टाकले तर पानं पुन्हा उन्हाकडे वळायला वेळ जातो.

खरा शत्रू सोंड्या भुंगा. जमिनीच्या भेगांतून तो मुळापर्यंत पोहोचतो आणि अंडी घालतो. अळी पोखरते तेव्हा रताळं स्वसंरक्षणासाठी कडू द्रव्यं तयार करतं आणि ती पोखरलेल्या जागेपुरती राहत नाहीत. म्हणून किडका भाग कापून उरलेलं वापरण्यात अर्थ नाही, उरलेलंही कडूच लागतं आणि ते गुरांनाही घालू नये. उपाय भेगांवरच करायचा. तिसाव्या आणि साठाव्या दिवशी मातीची भर, रान फार वाळू न देणं, स्वच्छ बेणं, भुंग्यांना वासाने ओढणारे कामगंध सापळे आणि काढणीला उशीर न करणं. त्याच तुकड्यात लागोपाठ रताळं घेऊ नये.

पीक वाणाप्रमाणे ९० ते १२० दिवसांत येतं. आषाढीला बाजारात न्यायचं तर मार्चच्या मध्यापर्यंत वेल लागले पाहिजेत, नवरात्राला जूनमध्ये, महाशिवरात्रीला ऑक्टोबरअखेर. पान पिवळं पडण्याची वाट बघण्यापेक्षा एक रताळं काढून कापावं. कापलेल्या जागचा चीक पांढराच वाळला तर तयार, हिरवट-काळा पडला तर अजून थांबायचं.

काढल्यावर धुऊ नये. साल पातळ असते आणि ओरखडे पडलेले असतात, ते बुजायला उब आणि दमट हवा लागते. ३० अंशांच्या आसपास आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत पाच-सहा दिवस ठेवली की जखमांवर नवी साल धरते आणि गोडीही वाढते. सावलीत, पोत्यांखाली झाकून हे घरीही जमतं. त्यानंतर साठवण १३ ते १५ अंशांवर, हवेशीर. फ्रीजमध्ये कधीच नाही. १२ अंशांच्या खाली काही दिवस राहिलेलं रताळं वरून चांगलं दिसतं, पण आतला गाभा कितीही शिजवला तरी करकरीत राहतो. बाजारातून आणलेलं रताळं शिजेना तर ते कच्चं आहे असं समजून आणखी शिट्ट्या देत बसू नका. ते शीतगृहात गारठून आलेलं आहे, आणि आता ते मऊ होणार नाही.